लेथवरचा पिवळा बल्ब

माणसाने एक वेळ भिंतीशी वाद घालावा, पण आमच्या दाजींशी घालू नये. भिंत निदान ऐकल्यासारखं तरी करते. दाजी तुमचं सगळं बोलणं संपेपर्यंत गप्प बसतात आणि मग जिथून सुरुवात झाली होती तिथूनच परत सुरू करतात, जणू मधल्या वेळात तुम्ही नुसते खोकत होता. तीस वर्षं मी वायरमनचं काम करतोय. दवाखाने केले, शाळा केल्या, एका तीन मजली दुकानाला असा उजेड दिला की मालकाने खाली पडलेली टाचणी जिन्यावरून शोधून दाखवली. पण एका घरगुती गॅरेजच्या दिव्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. सोडून निघूनही जाता येईना, कारण गॅरेज सख्ख्या बहिणीच्या घरचं.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वय एकसष्ट, अंगाने काटक, बोलणं कमी आणि हट्ट जास्त. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, पेपरातलं कोडं सोडवतात. दाजींनी घरामागच्या मोकळ्या जागेत चाळीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद गॅरेज उभं केलं. पुढच्या भागात दोन गाड्या मावतील एवढी जागा, मागच्या भागात वर्कशॉप. भिंतीला लागून कामाचं लांब टेबल, त्यावर ड्रिल आणि ग्राइंडर, कोपऱ्यात कॉम्प्रेसर आणि मधोमध एक जुना लेथ. ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडाचा तुकडा घट्ट पकडून गरगर फिरवायचा आणि त्याला हत्यार टेकवून हवा तसा सोलून काढायचा, ते हे मशीन. तुकडा पकडणाऱ्या जाड गोलाला चक म्हणतात. त्याला तीन जबडे असतात, आणि ज्याने त्यांना जबडे म्हटलं त्याने विचार करूनच म्हटलं असणार.

लेथवर दाजी स्वतः उभे राहणार नव्हते. त्यांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही आणि मधलं अर्धंच आहे. कारखान्यात त्यांना सगळे ‘साडेआठ’ म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे साडेआठला कामावर येत असतील. लेथवर उभी राहणार होती त्यांची मुलगी, माझी भाची ठिणगी. हे तिचं खरं नाव नाही. लहानपणी कुठे वेल्डिंग चाललेलं दिसलं की ही हात सोडून तिकडे पळायची, तेव्हा मीच ते ठेवलं. सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या कारखान्यात टर्नर होती. आता नोकरी सोडून घरचं वर्कशॉप सुरू करणार होती, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासूनचं पहिलं काम तिने घेऊनही ठेवलं होतं. मशीन तयार, टेबल तयार, भिंतींना रंग दिलेला. राहिला होता फक्त उजेड.

“तिला पुरे दहा पाहिजेत,” दाजी मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मला वाटलं, दिवे दहा पाहिजेत. मी तसं लिहूनही घेतलं. ते बोटांबद्दल बोलत होते हे त्यांनी आपला हात वर करून दाखवला तेव्हा कळलं.

त्या दिवशी गॅरेजच्या कोऱ्या फरशीवर त्यांनी खडूने दोन गाड्या काढून ठेवल्या होत्या. नुसत्या चौकटी नव्हेत. दारं उघडली तर कुठवर येतील, बॉनेट वर केलं तर कुठवर जाईल, सगळं. एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि पलीकडे एक माणूस उभा.

“हे कोण?” मी विचारलं.

“ठिणगी. गाडीखाली काम करतेय.”

“आणि तिकडे उभा आहे तो?”

“तो तू. बाजूला हो, तिच्यावरचा उजेड अडतोय.”

माझी कामाची एक पद्धत आहे. छत मोजायचं, मधोमध दोन सरळ ओळी आखायच्या, त्यावर ट्यूब लावायच्या, बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. त्या पद्धतीने मी पुढच्या भागात पहिल्या चार ट्यूब लावल्या आणि ताईला कौतुकाला बोलावलं. उजेड झकास पडला. मग दाजींनी गॅरेजचा मोठा दरवाजा उघडला. हा दरवाजा त्यांनी स्वतः बनवलेला, वर सरकत जाऊन छताखाली आडवा होणारा. तो सरकत सरकत आला आणि माझ्या चारही ट्यूब झाकून ऐटीत बसला. खाली अंधार.  दाजींनी खडू घेतला, फरशीवर त्या अंधाराची कड आखली आणि आत लिहिलं, ‘वायरमन’.

तिथून जे सुरू झालं ते तीन आठवडे संपेना. मी कागदावर नकाशा करायचो, ते खडूने दुसरा करायचे. गाडीच्या टपावर उजेड पाडून काय उपयोग, टपाला काय वाचायचंय? माणूस बाजूला उभा राहून काम करतो, म्हणून दिवे गाड्यांच्या मधे आणि भिंतीलगत. टेबलावर काम करताना दिवा पाठीमागे असला तर आपलीच सावली आपल्या हातावर, म्हणून तो टेबलाच्या पुढच्या कडेवर. ग्राइंडरचा वेगळा, ड्रिलचा वेगळा. मी शिडीवर चढलो की खालून आवाज यायचा, “चार बोटं डावीकडे.” चार बोटं डावीकडे घेतलं की म्हणायचे, “तुझी चार, माझी नव्हे.” असे सात नकाशे झाले. खरं सांगायचं तर त्यांचं बहुतेक बरोबर होतं, आणि माझ्या संतापाचं अर्धं कारण तेच होतं. चुकणाऱ्या माणसाशी भांडायला निदान मजा तरी येते.

पण सातव्या नकाशातली एक गोष्ट मला काही केल्या पटेना. लेथच्या वर मी दोन ट्यूब दाखवल्या होत्या. दाजींनी त्यावर फुली मारून शेजारी एक छोटा गोल काढला होता.

“हे काय?”

“पिवळा बल्ब.”

“कुठला पिवळा?”

“तारेचा. जुना. तापतो तो.”

“दाजी, तो आता दुकानात मिळत नाही. दुकानदाराच्या आठवणीत मिळतो.”

“माझ्याकडे आहेत.”

ते घरात गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. आत चिंध्यांत गुंडाळलेले सहा बल्ब आणि कोपरासारखा दुमडणारा एक लोखंडी दांडा. जुन्या कारखान्यातल्या मशीनवरचा दिवा. इतकी वर्षं हा डबा कुठल्या कपाटात होता कोण जाणे. मी समजावून सांगितलं. म्हटलं, हा बल्ब वीज खातो, उजेड कमी देतो, डोक्यावर शेगडी ठेवल्यासारखं उकडतं, आणि महिन्याभरात उडतो. पालथ्या घड्यावर पाणी.

“लेथवर ट्यूब नको,” दाजी म्हणाले.

“पण का?”

“नको.”

“बाबा, कारण सांगा ना,” ठिणगी मधे पडली. “शेवटी मलाच उभं राहायचंय तिथे.”

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “एकदा सांगितलं होतं,” म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेले.

ते कशाबद्दल बोलत होते हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सत्तावीस वर्षांपूर्वी दाजी त्यांच्या कारखान्यातले पहिल्या नंबरचे टर्नर होते. अवघड काम आलं की फोरमन दुसऱ्या कुणाकडे बघायचाच नाही. तिथे प्रत्येक मशीनवर एकेक पिवळा बल्ब असायचा. मग नवीन साहेब आले. त्यांनी बल्ब काढून टाकले आणि छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्यूबच्या ओळी लावल्या. कारखाना लखलखला. तिसऱ्या आठवड्यात दाजींची बोटं गेली. दवाखान्यात ते एकच वाक्य परत परत बोलत होते, “चक थांबलेला होता. मला थांबलेला दिसला.” चौकशी झाली. शेजारच्या मशीनवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, आम्हाला तर आमचा फिरताना दिसतो. फोरमन हसला. कागदावर लिहिलं गेलं, ‘कामगाराचे लक्ष नव्हते’, आणि खाली दाजींनी डाव्या हाताने सही केली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईने मला बाजूला घेतलं होतं. मी चोवीस वर्षांचा, लायसन नवं कोरं, अंगात मस्ती. तिने विचारलं, “तू लाइटवाला आहेस. असं होतं का रे, की फिरणारी वस्तू थांबलेली दिसते?” मी विचार करायला घोटभर चहाएवढाही वेळ घेतला नाही. म्हणालो, “छे! उजेड वाढला की जास्त दिसतं, कमी कसं दिसेल? लक्ष नसेल दाजींचं.”

ताईने विश्वास ठेवला. दोघांतला एक जण त्या विषयातला जाणकार होता ना. त्या दिवसापासून तिच्या तोंडात एक वाक्य बसलं. दूध उतू गेलं, छत्री विसरली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात गेलं, की ताई म्हणणारच, “लक्ष कुठे असतं तुमचं?” त्यात विष नव्हतं, नुसती सवय होती. दिवसातून चार वेळा तरी. कारखान्याने दाजींना लेथवरून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं. खिडकीतून पाने-पकडी द्यायच्या आणि संध्याकाळी परत घ्यायच्या. ज्याच्या हातून केसाएवढा फरक पडत नसे तो माणूस पुढची चोवीस वर्षं दुसऱ्यांना पाने देत बसला. थांबलेल्या चकाबद्दल मात्र ते परत कधी बोलले नाहीत. मी समजलो, त्यांना आपली चूक कळली असावी. आणि आता, इतक्या वर्षांनी, तेच जुनं खूळ पत्र्याच्या डब्यातून बाहेर आलं होतं. मला त्याचा राग आला. हा बल्ब लावायचा म्हणजे मी तेव्हा खोटा होतो असं कबूल करायचं, हे मनातल्या मनात कुठेतरी मला कळत असणार.

मग मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. दाजी दोन दिवसांसाठी त्यांच्या थोरल्या भावाकडे गेले. मी ती संधी साधली. नेहमीच्या दुकानदाराकडून स्वस्तातल्या एलईडी ट्यूबची दोन खोकी उचलली आणि सगळं गॅरेज उरकून टाकलं. बाकी सगळं सातव्या नकाशाबरहुकूम केलं, अगदी त्यांच्या बोटांच्या मापाने केलं. लेथवर तेवढ्या माझ्या दोन ट्यूब लावल्या. पत्र्याचा डबा टेबलाखाली सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगीने लेथ चालवून बघितला. तासाभराने चष्मा वर करून डोळे चोळत म्हणाली, “मामा, या उजेडात कसंतरीच होतंय. डोकं जड झालंय.”

“नवीन आहे. सवय होईल,” मी म्हणालो.

“चक पण विचित्र दिसतो.”

“तुझ्या बापाची लेक शोभतेस,” मी म्हणालो. तिने चष्मा परत खाली ओढला.

दाजी अकरापर्यंत येणार होते. आल्या आल्या त्यांना दिव्यांची करामत दिसावी म्हणून मी मोठा दरवाजा खाली ओढून घेतला. खिडक्यांना रंगकामावेळी चिकटवलेले जुने कागद अजून तसेच होते. आत बाहेरचा उजेड नाही, फक्त माझा. ठिणगी एका लोखंडी पिनेला पॉलिश करत होती, त्यामुळे लेथ सगळ्यात वरच्या स्पीडला होता. तेवढ्यात कोपऱ्यातला कॉम्प्रेसर हवा भरायला लागला आणि असा गडगडाट झाला की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. ठिणगी बारीक पॉलिशपेपर घ्यायला मागच्या कप्प्याकडे वळली.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. दिवा नीट लागलाय का ते बघायचं असेल तर कामाच्या जागेवर हात धरायचा आणि सावली बघायची. सावली फिकट पडली तर दिवा बरोबर. ओट्यावर, टेबलावर, शिवणयंत्रावर, कुठेही आम्ही हेच करतो, विचार न करता करतो. मी लेथकडे पाहिलं. चक थांबलेला होता. तीन जबडे स्वच्छ दिसत होते, जबड्यांवरच्या खाचा मोजता आल्या असत्या. मला वाटलं, ठिणगीने मशीन बंद केलं. मी सावली बघायला हात पुढे केला आणि खाली नेऊ लागलो.

मागून कुणीतरी माझी कॉलर धरून मला असं खेचलं की शर्टाची दोन बटणं तुटून उडाली आणि मी फरशीवर बसलो, बरोबर खडूच्या गाडीत. दाजी बाजूच्या लहान दाराने आत आले होते. त्यांची पिशवी दारातच पडली होती. ते ओरडत असावेत, तोंड हलताना दिसत होतं, पण कॉम्प्रेसरपुढे काही ऐकू येत नव्हतं. ठिणगी धावत आली आणि लेथचं बटण दाबायला गेली. दाजींनी तिला हातानेच थांबवलं. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी माझे दिवे बंद केले.

लहान दारातून दिवसाचा साधा उजेड येत होता. त्या उजेडात चक फिरत होता. जबडे नव्हतेच, नुसता राखाडी गरगराट होता, जिथे माझा हात चालला होता बरोबर तिथे.

दाजींनी दिवे लावले. चक थांबला. तीन जबडे, स्वच्छ, खाचांसकट. फार निरखून पाहिलं तर अगदी हळू मागे सरकतोय असं वाटत होतं. दिवे बंद केले. गरगराट. परत लावले. थांबला. तीन वेळा त्यांनी हे केलं. मग ठिणगीला खूण करून मशीन बंद करायला लावलं. तेवढ्यात कॉम्प्रेसरही आपोआप बंद पडला आणि एकदम शांतता झाली.

“दिसलं?” दाजी म्हणाले.

“दिसलं.”

“काय दिसलं?”

“थांबलेला दिसला,” मी म्हणालो. मी हाताची बोटं मोजत होतो.

आता मला सगळं कळत होतं, जे तीस वर्षं धंदा करून कळलं नव्हतं. स्वस्तातली ट्यूब, आणि तेव्हाची जुनी ट्यूबही, सतत पेटलेली नसतेच. ती सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते, डोळ्याला कळत नाही इतकंच. चकाच्या फिरण्याचा वेग त्या उघडझापेशी जुळला की प्रत्येक वेळी उजेड पडतो तेव्हा एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा आलेला असतो, आणि आपल्याला वाटतं काहीच हललं नाही. वेग जरा कमीजास्त असला की असं होत नाही. म्हणून कारखान्यात शेजारच्यांना आपापला चक फिरताना दिसत होता. तारेचा बल्ब तापलेला असतो, तो एवढ्यात विझत नाही, म्हणून त्याच्याखाली फिरणारं फिरतानाच दिसतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि कॅमेरा ट्यूबकडे धरला. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. हे पट्टे मी शंभर ठिकाणी पाहिले होते आणि मोबाइल खराब आहे असं समजत आलो होतो.

“बाबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?” ठिणगीचा आवाज चढला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. “नुसतं ‘नको, नको’! मी तासभर इथे उभी होते!”

आणि मग दाजी चिडले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

“काय सांगू? आणि कसं सांगू? मला काय ठाऊक ते का होतं? चौकशीत सांगितलं, हसले. घरी सांगितलं, तर तुझ्या आईने भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, छे! मी शिकलेला नाही, तो लायसनवाला. पुढे काय बोलणार? मला एवढंच माहीत होतं की बल्ब होते तोवर बोटं होती.” ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “चोवीस वर्षं त्या खिडकीत बसून मी तोच एक क्षण आठवत होतो. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, की लक्षच नसेल माझं.”

मी फरशीवरून उठलो नाही. काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला, तो साडेतीन बोटांचा हात, आणि म्हणाले, “मला नको सांगू. तुझ्या ताईला सांग. तिला तूच सांगितलं होतंस.”

आयुष्यात मी उंच खांबांवर चढलोय, भर पावसात वायरी जोडल्यात. पण गॅरेजच्या त्या लहान दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचं वीस पावलांचं अंतर मला जड गेलं. ताई ओट्यापाशी उभी होती. माझा फाटका शर्ट बघून म्हणाली, “हे काय रे, मारामारी केली की काय?”

“ताई, तेव्हा दवाखान्यात तू मला विचारलं होतंस. मी चुकीचं सांगितलं.”

तिला क्षणभर कळेना मी कुठल्या दवाखान्याबद्दल बोलतोय. मग कळलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि काही न विचारता माझ्या पुढे चालू लागली. ठिणगीने लेथ चालू केला. मी दिवे लावले, बंद केले, लावले. ताई पदराचं टोक मुठीत धरून बघत होती. पाचव्या-सहाव्या वेळी म्हणाली, “बास.” मग ती वळून दाजींकडे बघत राहिली.  शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, “तू तेव्हा ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणाला असतास, तरी चाललं असतं रे.”

 मी शिडी उचलली.

लेथवरच्या दोन्ही ट्यूब मी काढल्या. टेबलाखालून पत्र्याचा डबा ओढला, लोखंडी दांडा पुसला, लेथच्या मागे घट्ट बसवला आणि चिंधीतला एक बल्ब लावला. दाजी खालून “चार बोटं डावीकडे” म्हणतील याची वाट पाहिली. मग मीच विचारलं, “डावीकडे घेऊ का?” ते म्हणाले, “थोडा.” बाकीच्या ट्यूबही बदलून देईन, चांगल्या, उघडझाप न करणाऱ्या आणीन, असं मी ठिणगीला कबूल केलं, आणि तोवर दिवसाच्या उजेडातच काम करायचं, मोठा दरवाजा उघडा ठेवून, असं ठरलं. तिने लेथ सगळ्यात वरच्या स्पीडला नेला. बल्बखाली चक फिरत होता आणि फिरताना दिसत होता. तिने मान डोलावली, पण माझ्याशी ती दुपारपर्यंत धड बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

चार वाजता ताईने चहा गॅरेजमध्येच आणला. आम्ही चौघं लेथच्या भोवती उभे होतो. बल्बची ऊब जाणवत होती.  दाजी कप उजव्या हातात धरून वर, दांड्याकडे बघत होते, आणि बघता बघता कप कलला. चहा टेबलावर पसरला, सातव्या नकाशाच्या कागदावरून ओघळत फरशीवर खडूच्या गाडीत पडला.

“लक्ष कु—” ताई म्हणाली आणि थांबली. तिचा हात तोंडाशी गेला. ठिणगीने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. ताईने फडकं घेतलं आणि मान खाली घालून टेबल पुसायला लागली, जिथे चहा सांडला नव्हता तिथेही.

“अगं, बोल की,” दाजी म्हणाले. “आत्ता खरंच नव्हतं माझं लक्ष.”